मनाचा ताण, त्वचेची तक्रार

भीतीने अंगावर काटा येतो, लाजेने चेहरा आरक्त होतो, वाईट बातमीने दरदरून घाम फुटतो आणि संतापाने अंगाची लाही लाही होते. मनातील खळबळ त्वचेवर उमटते, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. तरीही त्वचारोगाचा विचार करताना आपण दोन टोके गाठतो. काहींना मनाचा आणि त्वचेचा संबंधच मान्य नसतो; तर काही जण ‘हे सगळे टेन्शनमुळे’ असे म्हणून औषधोपचारच सोडून देतात. त्वचारोगांवर उपचार करताना या दोन्ही टोकांची किंमत रुग्णांना मोजावी लागते, असे मी सातत्याने पाहत आलो आहे. म्हणून या नात्याचे खरे स्वरूप येथे थोडक्यात मांडतो.

गर्भावस्थेत त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था ही दोन्ही एकाच बाह्यस्तरापासून तयार होतात. पुढे त्यांचे मार्ग वेगळे झाले, तरी संपर्क तुटत नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. ताण जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना चेतवते आणि रक्तातील कॉर्टिसॉल वाढते. त्याच वेळी त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून काही रसायने पाझरतात. त्यांच्यामुळे मास्ट पेशींतून हिस्टॅमिन बाहेर पडते आणि खाज, लाली व सूज यांत भर पडते.

अल्पकाळ टिकणारा ताण शरीर सहज पेलते. तो महिनोन् महिने राहिला, तर मात्र त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते, तिच्यातील ओलावा लवकर उडून जातो आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करण्यात आली. पहिल्या गटाची जखम भरण्यास सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, दुसऱ्या गटाची ३९ दिवसांत भरली. घरातील रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या प्रकृतीचीही आपण विचारपूस का करावी, याचे उत्तर या दहा दिवसांच्या फरकात आहे.

सोरायसिस, इसब, मुरुमे, वारंवार उठणारे पित्त हे विकार ताणाच्या काळात अनेकांत बळावतात. परीक्षेच्या दिवसांत मुरुमे वाढतात, ही पालकांची तक्रार निराधार नाही. स्टॅनफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या २००३ मधील पाहणीतही तसेच आढळले होते. केसांचे गणित थोडे निराळे आहे. मोठे आजारपण, बाळंतपण किंवा मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. मूळ कारण तोवर विस्मरणात गेलेले असते आणि दोष तेलाला किंवा नळाच्या पाण्याला दिला जातो. असे केस बहुधा काही महिन्यांत पुन्हा उगवतात, हे रुग्णाला वेळीच सांगितले तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

या नात्याला दुसरी बाजूही आहे. ताणामुळे रोग वाढतो, तसाच रोगामुळे ताण वाढतो. कोड किंवा सोरायसिस स्पर्शाने पसरत नाहीत, हे ठाऊक असूनही सुशिक्षित घरांतून ते लपवले जातात. मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर उपचारासाठी परगावी जाण्याचा आग्रह धरला जातो. डाग असतो हातभर, पण रुग्ण समारंभ टाळतो, पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो आणि हळूहळू एकटा पडतो. अशा वेळी मलमाइतकीच गरज असते ती घरच्यांनी त्याच्याशी पूर्वीसारखे वागण्याची.

मग शिथिलीकरणाचा उपयोग किती? जॉन काबाट-झिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सोरायसिसच्या ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाशकिरणांचे उपचार सर्वांनाच दिले गेले. त्यांपैकी काहींना उपचार चालू असताना ध्यानाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. त्यांची त्वचा इतरांहून लवकर स्वच्छ झाली. अभ्यास लहान होता, परंतु त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: ध्यान हे उपचारांच्या जोडीला होते, त्यांच्या जागी नव्हते.

घरी करता येण्याजोगे उपाय सोपे आहेत. शांत बसून चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. असे दहा मिनिटे रोज करावे. झोपण्यापूर्वी पायांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायुगट काही क्षण आवळून सैल सोडावा. ही एडमंड जेकबसन यांची पद्धत आहे. खाजेची उबळ आली की नखे न लावता मुठी आवळून तीस आकडे मोजावेत, मग त्या जागी थंड ओले फडके ठेवावे. खाजवल्याने त्वचा जाड होते आणि जाड त्वचा अधिक खाजते. हे दुष्टचक्र तोडणे हाच अर्धा उपचार असतो. योगासने, नियमित फिरणे, भजन किंवा गाण्याचा रियाज, ज्याला जे रुचेल ते करावे. पुरेशी झोप मात्र सर्वांनाच हवी.

याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. घरातील दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते, चिंता नव्हे. नायटा प्राणायामाने जात नाही आणि दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने तो उलट चिवट होतो. पोटातून चालू असलेली स्टेरॉइडे मनानेच थांबवल्यास सोरायसिस भयंकर उसळू शकतो. केस गळण्यामागे थायरॉइडचा विकार किंवा लोहाची कमतरता असू शकते. सतत उदासी, निद्रानाश किंवा जीव नकोसा वाटणे ही लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की, औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ‘झोप कशी लागते?’ आणि ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यांना दोन मिनिटे लागतात. पण आपले दुखणे कोणी खरे मानले, हा दिलासा रुग्ण घरी घेऊन जातो आणि दिलेले औषधही मग तो नेमाने घेतो.