नंबर नसलेली वेटिंग लिस्ट

वेटिंग लिस्ट म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. गणपतीला कोकणात जायचं ठरलं, मे महिन्यात मुलांना आजोळी सोडायचं ठरलं, की हा शब्द घरात मुक्कामालाच येतो. तिकिटावर वेटिंग ४२ दिसलं की घरातलं एखादं जाणतं माणूस सांगतं, "होईल, होईल! अजून आठवडा आहे." मग बेचाळीसाचे एकतीस होतात, एकतीसाचे अठरा होतात, आरएसी लागतं आणि चार्ट तयार झाला की एकदाचा निकाल कळतो. गाडी चुकली तरी आपल्यापुढे किती माणसं होती, एवढं तरी ठाऊक असतं. हा आधार केवढा मोठा, हे अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांना २०२० च्या वसंतात उमगलं.

तिकडच्या नामांकित कॉलेजांचे निकाल मार्चअखेरीस लागतात. प्रवेश मिळाला किंवा नाही मिळाला, हे दोन निकाल आपल्याला समजतात. तिसरा मोठा चमत्कारिक. पत्राची भाषा गोड असते, तुमचा अर्ज आम्हाला आवडला असं म्हटलेलं असतं, पण जागा आत्ता देता येत नाही, प्रतीक्षायादीवर राहायची इच्छा असल्यास कळवावे. आता या यादीत आपण कितवे? ते बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत, कारण बहुतेक ठिकाणी तसा क्रम लावलेलाच नसतो.

त्यामागचा हिशेब साधा आहे. कॉलेजला हजार मुलं हवी असतील तर ते त्याहून बरीच जास्त पत्रं धाडतं, कारण हुशार मुलाच्या हातात चार-पाच पत्रं असतात आणि तो जाणार एकाच ठिकाणी. किती येतील याचा अंदाज चुकला आणि बाकं रिकामी राहिली, तर यादीतून माणसं उचलायची. तीही हवी तशी. अभियांत्रिकीची मुलं कमी पडली तर तिथली, वाद्यवृंदात कुणी वाजवणारा कमी पडला तर तो. थोडक्यात, ही यादी म्हणजे कॉलेजने स्वतःसाठी उतरवलेला विमा. त्याचे हप्ते मात्र सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी भरायचे. चढाओढ किती म्हणाल तर २०२० साली एकट्या हार्वर्डकडे ४०,२४८ अर्ज आले आणि निवड झाली १,९८० जणांची. अशा ठिकाणी स्पष्ट नकार येणं हे दुःख खरं, पण ते दोन दिवसांचं. रडून मोकळं होता येतं. यादीवाल्यांना तीही सोय नाही.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलगी त्या वर्षी बारावीला होती आणि तिच्या सर्वांत आवडत्या कॉलेजने तिला असंच टांगून ठेवलं होतं. २१ मार्चला त्यांच्या राज्यात घरात थांबण्याचा आदेश निघाला, २५ मार्चपासून आपल्याकडे टाळेबंदी लागली. दोन्हीकडची दारं बंद, त्यामुळे फोनवर बोलायला वेळच वेळ.

"नंबर कितवा आहे गं?" मी भाचीला विचारलं.

"मामा, अरे, नंबर नसतोच."

"मग वाट कशी बघायची?"

"तेच तर!" ती म्हणाली.

यादीवरच्या मुलांना एक गोष्ट मात्र करता येते. मला अजूनही तुमच्याकडेच यायचं आहे, आणि अर्ज केल्यापासून मी हे हे नवीन केलं, असं सांगणारं पत्र धाडता येतं. एरवी त्यात शेवटच्या सहामाहीचे गुण, धावण्याच्या स्पर्धेतलं पदक, शाळेच्या नाटकातली भूमिका असं काहीबाही घालतात. त्या वसंतात घालणार काय? शाळा बंद, कित्येक शाळांनी गुण देणं सोडून नुसतं पास-नापास सुरू केलेलं. मैदानं बंद, नाटकं बंद. भाचीने दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी खरं ते लिहिलं: शेजारच्या वृद्ध जोडप्याचा किराणा मी आणून देते आणि धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवते. माझ्या बहिणीला ते फारच साधं वाटलं. मला विचाराल तर त्या वर्षी कॉलेजकडे गेलेल्या पत्रांत असल्या पत्रांचीच वर्णी आधी लागायला हवी होती.

दरम्यान दुसरीकडे, म्हणजे राज्याच्या विद्यापीठात, जागा धरून ठेवायची म्हणून काहीशे डॉलर भरून झाले. हे पैसे परत मिळत नाहीत. एरवी निर्णयाची शेवटची तारीख १ मे. त्या वर्षी पुष्कळ कॉलेजांनी ती १ जूनवर नेली. मुलांना सवड मिळाली, पण यादी हलण्याचा मुहूर्तही तेवढाच पुढे गेला. मेव्हण्यांच्या कंपनीने याच सुमारास पगार कापले. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण जेवणाच्या टेबलावर तो विषय रोज ताटात असायचा, असं बहीण म्हणाली.

गंमत अशी, की त्या वर्षी कॉलेजांचाही जीव तितकाच टांगणीला लागला होता. आधीच २०१९ च्या सप्टेंबरात तिथल्या प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपला एक जुना नियम सरकारी दबावाखाली काढून टाकला होता. दुसरीकडे प्रवेश पक्का केलेल्या मुलाला १ मे नंतर आमिष दाखवू नये, असा तो नियम. म्हणजे आलेला विद्यार्थी टिकेल याची खात्री नाही. त्यात भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी मार्चमध्ये व्हिसाचं नेहमीचं काम थांबवलेलं. शिवाय वर्ग भरणार की नाही हेच ठरेना, तेव्हा मुलं एक वर्ष थांबतील ही धास्ती. वरच्या कॉलेजने यादीतून एक मूल उचललं, की खालच्या कॉलेजात एक खुर्ची रिकामी होते, मग ते आपल्या यादीकडे वळतं. संगीत खुर्ची ऐन उन्हाळ्यात सुरू होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भाचीला फोन आला. जागा आहे, तीन दिवसांत कळवा. एवढ्या आनंदाच्या बातमीनंतर पहिला प्रश्न मेव्हण्यांनी विचारला तो आर्थिक मदतीचा. यादीतून येणाऱ्यांच्या वाट्याला बरेचदा मदतीची तळाशी उरलेली रक्कम येते. इथे तीही फारशी उरलेली नव्हती. मेव्हणे रात्रभर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. घर गहाण टाकून बघू, इथपर्यंत ते आले होते.

निर्णय भाचीने घेतला. ती म्हणाली, "बाबा, सप्टेंबरमध्ये मला माझ्याच खोलीत बसून शिकायचं असेल, तर कुठल्याही कॉलेजची खोली हीच." तिने नाही कळवलं आणि दार लावून घेतलं. बहिणीला मात्र ते फार दिवस लागून राहिलं. तीन महिने जिची वाट पाहिली ती गाडी आली आणि आपण फलाटावरच उभे राहिलो, असं ती म्हणायची.

जुलैत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ६ तारखेला हार्वर्डने जाहीर केलं की सगळं शिक्षण ऑनलाइन होईल, आवारात जास्तीत जास्त चाळीस टक्के विद्यार्थी राहतील आणि वर्षाची शिकवणी फी मात्र तीच, ४९,६५३ डॉलर. त्याच दिवशी अमेरिकी सरकारने फर्मान काढलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी ८ तारखेला कोर्टात गेले, १४ तारखेला सरकारने ते मागे घेतलं. या आठवड्यात मुंबई-पुण्यातल्या किती घरांत झोप उडाली असेल! हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे वीस टक्के मुलांनी प्रवेश वर्षभर पुढे ढकलला. पुढच्या वर्षी, २०२१ साली, अर्ज ५७,४३५ वर गेले, आणि नव्या वर्गात ३४९ जण आदल्या वर्षीच निवडलेले होते. त्या वर्षी दारात उभ्या राहिलेल्या मुलांना या आधीच बसलेल्या मंडळींशी काय देणंघेणं होतं?

इकडेही त्या वर्षी काही वेगळं नव्हतं. माझी पुतणी दहावी झालेली, भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळालेले. अकरावीच्या पहिल्या यादीत तिला हवं ते कॉलेज मिळालं नाही. दुसरी यादी तोंडावर असताना ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि सारी प्रक्रिया थांबली, ती नोव्हेंबर संपत येईपर्यंत. भाचीचे ऑनलाइन वर्ग तोवर सुरू झाले होते. एका रविवारी फोनवर तिने चौकशी केली, "मामा, तिचा नंबर कितवा आहे?"

मी म्हटलं, "गुण माहीत आहेत, कट-ऑफ माहीत आहे. यादीच लागत नाही."