दुपारी पावणेदोनचा बॅकअप

सांगलीच्या हरभट रोडसारख्या पेठेत बॅकअपचं काम घेतलं की आधी पुराचा विचार करावा लागतो, संगणकाचा नंतर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. टॅलीचा बॅकअप नेमाने पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि तो पेनड्राइव्ह गल्ल्यात टाकायचा, म्हणजे संगणक आणि बॅकअप एकाच पाण्यात.

ज्यांच्याकडे मी हे काम केलं त्यांचं ठिबक आणि पाइपचं दुकान आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. पुरानंतर त्यांनी मुख्य संगणक माळ्यावर नेला, पेनड्राइव्ह मात्र खाली गल्ल्यातच राहिला. "रोज घेतो की बॅकअप," असं म्हणून त्यांनी रबरबँड लावलेला पेनड्राइव्हचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. एकेक लावून बघितला. दोनांत जुन्या वर्षांचा डेटा निघाला. एकात फक्त टॅलीचा शॉर्टकट, आकार दोन केबी. कुणीतरी डेस्कटॉपवरचं चित्र उचलून पेनड्राइव्हवर टाकलं होतं आणि त्यालाच बॅकअप समजून सगळे निर्धास्त होते. कुणाला हसायचं कारण नाही. टॅलीचा खरा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असतो, तो आपणहून कुणाच्या नजरेस पडत नाही.

डेटा नेमका आहे कुठे, हे शोधण्यातच या कामाचा निम्मा वेळ जातो, आणि माझ्या मते पैसेही त्याचेच घ्यावेत. हिशेब बघणाऱ्या ताईंच्या शेजारी बसलो. बिलं टॅलीत. कोटेशनं एक्सेलमध्ये, डेस्कटॉपवर, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच घेणे' अशा नावांनी. अनुदानाच्या फायलींसाठी शेतकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले सातबारा आणि आठ-अ सगळे डाउनलोड्समध्ये पडलेले. काकांनी सांगितलेल्या यादीत फक्त टॅली होती. पण ताई म्हणाल्या, "टॅली गेली तर बिलांवरून परत भरू, हे कागद शेतकऱ्यांकडं परत कसे मागायचे?" यादी तिथेच बदलली.

या धंद्यात तीन-दोन-एक असा एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. संगणकातली एक, दुकानातल्या हार्ड डिस्कवर एक आणि तिसरी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, असं ठरलं. भारतातलाच सर्व्हर मुद्दाम घेतला. नोंदणीकृत कंपन्यांना तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप देशातल्या सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे. काकांची कंपनी नाही. पण जीएसटीचा कायदा त्यांनाही लागू आहे, आणि त्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात.

"गूगल ड्राइव्हवर टाकलं की झालं की," असं काका म्हणणार हे ठाऊक होतं. ड्राइव्हचं सिंक इथली फाइल तिथेही ठेवतं. पण इथे खोडली की तिथेही खोडतं, आणि ३० दिवसांनी कचरापेटीतूनही ती जाते. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केली तर तीच कुलूपबंद फाइल वर जाऊन बसते. बॅकअपला मागच्या तारखांच्या प्रती लागतात. म्हणून दुकानाच्या संगणकाला मुंबईकडे नवी प्रत पाठवायची मुभा दिली, जुनी पुसायची नाही.

पहिली प्रत मोठी असते, पुढे फक्त बदललेला भाग जातो. डेटा ६० जीबी. इंटरनेटच्या जाहिरातीत १०० एमबीपीएस लिहिलेले, पण बॅकअपला अपलोडचा वेग लागतो आणि मोजला तर तो १० भरला. म्हणजे तेरा तासांहून जास्त, तेही बिलिंगची लाइन अडवून. पहिली प्रत सांकेतिक करून हार्ड डिस्कवर घेतली आणि माझ्या ऑफिसातून वर चढवली.

खरी अडचण वेळेची निघाली. पुस्तकात बॅकअप रात्री दोनला घेतात. इथे रात्री शटर ओढण्याआधी काका मेन स्विच बंद करतात. पेठेत सगळेच करतात, आगीच्या भीतीने, आणि बरोबरच करतात. त्यांना ती सवय सोडा म्हणणारा तंत्रज्ञ मूर्ख. शिवाय टॅली उघडी असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. वेळ सापडली ती जेवणाच्या सुट्टीत. ताई डबा उघडण्याआधी सगळ्या संगणकांवरची टॅली बंद करतात आणि पावणेदोनला काम सुरू होतं. रोजचा बदल थोडा असतो. जेवण होईपर्यंत आटोपतं. झालं की काकांच्या मोबाइलवर मेसेज येतो. नाही आला तर फोन करायचा, हे मात्र त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, कारण न आलेला मेसेज कुणाच्याच लक्षात येत नाही.

सांकेतिक प्रतीच्या पासवर्डवरून थोडी घासाघीस झाली. तो हरवला तर मुंबईतली प्रत मलाही उघडता येणार नाही, डेटा सेंटरवाल्यांनाही नाही. काका म्हणाले, "तूच ठेव." मी नको म्हणालो, उद्या त्यांना माझं काम पटलं नाही तर? कागदावर लिहून दोन पाकिटं केली: एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक पुण्याला काकांच्या मुलीकडे. दुकानात एकही नाही.

शेवटी, पैसे घेण्याआधी, ताईंच्या संगणकावर रिकामा फोल्डर करून मुंबईची प्रत त्यात उतरवली. ट्रायल बॅलन्स जुळला. क्लोजिंग स्टॉक जुळला. शेवटचा बिल नंबर ताईंनी बिलबुकाशी ताडून बघितला. एक सातबारा उघडला, गट नंबर नीट वाचता येत होता. यानंतरच काकांनी चेकबुक काढलं.

तुमच्या दुकानाचा बॅकअप कुणी बघत असेल, तर पुढचं बिल देण्याआधी त्याला म्हणा: मागच्या मंगळवारचा डेटा दुसऱ्या संगणकावर उघड आणि त्या दिवसाचा शेवटचा बिल नंबर वाचून दाखव.