ट्रकवरचा घडीचा बाहू

स्वीडनमधील हुडिक्सवाल या किनाऱ्यावरील लहानशा गावी एरिक सुंदीन नावाचा एक कारखानदार बर्फावरून घसरत जाण्याच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, तयार करीत असे. माल चढविता-उतरविताना ट्रकचे जे इंजिन निष्क्रिय उभे राहते, त्याच्याच शक्तीने तेलाच्या दाबावरील क्रेन का चालवू नये, हा विचार त्याने तडीस नेला. आणि १९४४ साली स्थापन झालेल्या त्याच्या हियाब कंपनीने १९४७ साली तशी क्रेन प्रत्यक्षात आणली.

या क्रेनचे वैशिष्ट्य तिच्या घडीत आहे. मनुष्याच्या हाताला कोपर असावे तसा तिच्या बाहूस मध्ये सांधा असल्यामुळे काम संपताच सारा बाहू केबिनमागे थोडक्या जागेत मिटतो व हौदा मालासाठी मोकळा राहतो. शिवाय छपराखाली किंवा भिंतीपलीकडे वजन अलगद नेऊन ठेवण्याची, सरळ बाहूच्या क्रेनला दुर्घट असलेली कामगिरी हिला सहज साधते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या पास्कलच्या सिद्धान्तावर तिची सारी शक्ती उभी आहे: इंजिनाने फिरविलेल्या पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो असेल, तर १० सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या १५ टनांहून अधिक रेटा देतो.

हा रेटा म्हणजे क्रेनची उचल मात्र नव्हे, कारण दट्ट्या सांध्याच्या अगदी जवळ जोर लावतो आणि वजन दूर टोकाला लोंबत असते. ५ मीटर अंतरावर २ टन उचलणारी क्रेन १० मीटरवर फार तर १ टन उचलील. किंबहुना लांबलेल्या बाहूचा स्वतःचा भारही हिशेबात धरावा लागत असल्याने त्याहूनही कमीच. हा हिशेब चालकासमोरच्या तक्त्यावर दिलेला असतो, आणि तो तक्ता चालकाला वाचता येईल अशा भाषेत असणे ही मालकाची प्राथमिक जबाबदारी मानली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तितकेच महत्त्व दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या जॅकच्या पायांना आहे. नुकत्याच बुजविलेल्या चरावर किंवा गटाराच्या झाकणावर पाय टेकला, तर तक्त्यातील सारे आकडे निरर्थक होतात, म्हणून त्याखाली रुंद, जाड फळ्या घालतात.

माणसे उंचावर न्यायची असल्यास हुकाला लोंबकळत नेणे हा अक्षम्य अपराध होय. त्यासाठी कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट किंवा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या गाडीचा पाळणाच हवा. पाळण्याला धक्का बसल्यास आतला मनुष्य बाहेर फेकला जाऊ नये म्हणून त्याच्या कमरपट्ट्याचा दोर पाळण्यालाच अडकवितात, शेजारच्या खांबाला नव्हे. तेलाची नळी फुटली तरी बाहू कोसळू नये, म्हणून सिलिंडरवरच तेल अडविणारी झडप बसविलेली असते. कारखान्यांतील उचल-यंत्रांची निदान १२ महिन्यांतून एकदा जाणत्या तपासनिसाकडून कसून तपासणी व्हावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमात होती. पाळणा वर असतानाच इंजिन बंद पडल्यास तो खाली आणण्यासाठी वेगळी आपत्कालीन व्यवस्था असते, पुष्कळदा हातपंपच. तो चालविता येणारा निदान एक इसम काम संपेपर्यंत जमिनीवर हजर ठेवावा लागतो.