फोर्कलिफ्ट आत असताना

पहाटे साडेपाच. ठाण्यात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, म्हणून न्हावाशेव्याचे कंटेनर ट्रेलर रात्रीच भिवंडी गाठतात. मी पडघ्याजवळच्या गोदामात पोचतो तेव्हा फाटकाबाहेर त्यांची रांग असते आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेले असतात. मी डॉक सुपरवायझर. किती माल उतरला हे दिवसभर सगळे विचारतात. माल उतरत असताना गाडी जागची हलणार नाही, हे बघणं माझ्याकडे आहे.

सहाला डॉकवरून फेरी मारतो. फलाट जमिनीपासून चार फूट उंच आहे. गाडीची फळी आणि फलाट यांच्यातला फरक डॉक लेव्हलरची लोखंडी प्लेट भरून काढते. तिचं पुढचं टोक, म्हणजे लिप, फळीवर निदान चार इंच टेकलेलं हवं. प्रत्येक दाराशी साखळीने बांधलेली, चाकांना लावायच्या स्टॉपरची जोडी असते. पावसाळ्यात त्यांच्या तळाला चिखल बसतो आणि ओल्या काँक्रीटवर ते सरकतात, म्हणून आधी चिखल खरवडून घ्यायचा. स्टॉपरच्या जागी कुणी दगड ठेवला असेल तर तो उचलून बाहेर. चाक दगडावरून चढून जातं, नाहीतर त्याला ढकलत नेतं.

सात वाजता पहिली गाडी मागे येऊन डॉकला लागते. त्याआधीच सील तपासून दारं उघडून मागे अडकवलेली असतात. हँडब्रेक, इंजिन बंद, मागच्या चाकांच्या पुढे स्टॉपर. मग चावी. इथे रोज बोलणं होतं.

"मामा, चावी द्या."

"राहू द्या की साहेब. मी कुठं चाललोय? गाडीतच झोपतो."

"झोपा ना, पण आत खोलीत. पंखा आहे, मोबाईलला चार्जिंग आहे, चहा सांगतो."

मामा बीडकडचे, रात्रभर जागे. चावी हातची गेली की पंखा बंद, केबिन तापलेली आणि बसायला जागा नाही, असा अनुभव त्यांनी बऱ्याच ठिकाणी घेतलेला. ते का देतील? ड्रायव्हरला संडास, पाणी आणि पाठ टेकायला जागा न देता त्याच्याकडून नियम पाळून घेता येत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. विश्रांतीची खोली हा मी सुरक्षेचाच खर्च मानतो. वरिष्ठांकडे ती मागताना तशीच मागितली होती.

चावी डॉकच्या नंबराच्या खिळ्यावर, पेटीत कुलूपबंद. बाहेर लाल दिवा, आत हिरवा. आता फोर्कलिफ्ट आत जाऊ शकते.

नऊ ते एक कामाचा जोर. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या वर असतं. ती आत जाऊन ब्रेक मारते तेव्हा ट्रेलरला पुढे रेटते. पॅलेट उचलून मागे निघते तेव्हा तिची चाकं फळीला पुन्हा पुढेच ढकलतात. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही धक्के गाडीला फलाटापासून दूर नेणारे. एका खेपेला काही कळत नाही. चाळीस फुटी कंटेनर रिकामा होईपर्यंत मात्र असे पुष्कळ धक्के बसतात, आणि स्टॉपर ढिला असेल तर लिप फळीच्या काठाकडे सरकत जाते. ती सुटली की फोर्कलिफ्ट माणसासकट चार फूट खाली. म्हणून अधूनमधून काम थांबवून मी लिप किती टेकली आहे ते बघतो. ऑपरेटर वैतागत नाहीत. जीव त्यांचाच आहे.

गाडीचा मागचा गार्ड पकडून ठेवणारे हुक मिळतात, ते बसवायलाच हवेत. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे गार्ड कुठे वाकलेले, कुठे वेगळ्याच उंचीवर. हुक बसवला तरी स्टॉपर आणि चावी सुटत नाहीत.

दीडला जेवण.

अडीच वाजता सगळ्यात अवघड गाडी. घोडा, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, ट्रेलर सोडून दुसऱ्या फेरीला गेला आहे. ट्रेलरचा पुढचा भार आता फक्त दोन पायांवर, आणि ते पाय टोकाशी नसतात, बरेच मागे असतात. भरलेली फोर्कलिफ्ट पायांच्या पुढे गेली की नाक खाली झुकू शकतं. म्हणून पुढच्या टोकाखाली लोखंडी स्टँड आणि जमीन मऊ असेल तर पायांखाली जाड प्लेट. ब्रेकचंही बघावं लागतं. स्प्रिंग ब्रेक हवा गेली की आवळतो. जुन्या ट्रेलरला तो नसेल तर ब्रेक टाकीतल्या हवेवर धरलेला असतो, आणि हवा हळूहळू गळाली की सुटतो. तिथे स्टॉपरशिवाय दुसरा आधार नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत फोर्कलिफ्ट चढण्याआधी ब्रेक लावून मागच्या चाकांना स्टॉपर देणं सक्तीचं आहे, आणि घोड्याविना उभ्या ट्रेलरला जॅकचा आधार लागू शकतो असंही म्हटलं आहे. आम्ही स्टँड प्रत्येक वेळी लावतो.

पाचला घाई सुरू होते, कारण सगळ्यांना निघायचं असतं. जीव जायचा धोका मला याच वेळी सर्वांत जास्त वाटतो. चलनावर सही झाली की ड्रायव्हरला वाटतं, काम संपलं. आत ऑपरेटर शेवटचं पॅलेट घेत असतो, तोंड आतल्या भिंतीकडे, कानात स्वतःच्याच मशीनचा आवाज. बाहेर इंजिन सुरू झालं तरी त्याला कळत नाही. म्हणून आमच्याकडे सहीचा आणि चावीचा संबंध ठेवलेला नाही. मी स्वतः कंटेनरमध्ये शेवटच्या भिंतीपर्यंत चालत जातो. लेव्हलर मागे, शटर खाली, मगच दिवा बदलतो आणि पेटी उघडतो. मामा चावी घेतात, स्टॉपर स्वतः काढून साखळीला लावतात.

"चहा बरा होता," एवढं बोलून निघतात.

आठला रात्रपाळीच्या सुपरवायझरसोबत पेटीतल्या चाव्या आणि लागलेल्या गाड्या जुळवतो. घोड्याविना एक ट्रेलर सात नंबरला आहे, अर्धा भरलेला. वहीत लिहितो: स्टँड लावला आहे, उजव्या पायाखालची प्लेट पावसाने खचते आहे, काम सुरू करण्याआधी बदला. तो वाचतो, बॅटरी घेऊन माझ्यासोबत तिथवर येतो, आणि प्लेट पाहून मगच सही करतो.