वैभारगिरीचे उष्ण झरे आणि त्वचेचे आरोग्य

सम्मेदशिखरजी, पावापुरी आणि राजगृहीची यात्रा करून कुटुंब घरी परतले, की प्रसादाबरोबर एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे वैभारगिरीच्या पायथ्याशी असलेल्या ऊन पाण्याच्या कुंडांचा. त्या पाण्याने सांधे मोकळे झाले असे कोणी सांगतो, तर अनेक वर्षांची खाज थांबली असे कोणी सांगते. पुष्कळदा त्या पाण्याची एखादी बाटलीही सामानातून बाहेर निघते आणि घरातील ज्याच्या अंगावर चट्टा किंवा पुरळ असेल, त्याच्या हाती दिली जाते. या पाण्याच्या अंगी खरोखर कोणते गुण आहेत आणि त्यांवर किती विसंबावे, हे नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

राजगृही ही भगवान मुनिसुव्रतस्वामींची जन्मभूमी. भगवान महावीरांचे १४ चातुर्मास राजगृही व नालंदा परिसरात झाले. विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी या पाच पर्वतांनी वेढलेल्या या नगरीतील उष्ण झरे त्या काळीही प्रसिद्ध होते. श्वेतांबर आगमांपैकी भगवती सूत्रात वैभार पर्वताजवळच्या उष्ण प्रस्रवणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे उष्णयोनिक जीव व पुद्गल जलरूपाने उत्पन्न होतात, असे त्यात सांगितले आहे. निसर्गतः ऊन असलेले पाणी आणि घरी चुलीवर उकळून घेतलेले पाणी यांत श्रावकाने भेद का करावा, याचे उत्तर या उल्लेखात मिळते. कढत पाण्यातही सूक्ष्म जीव जगतात, ही गोष्ट आधुनिक जीवशास्त्रज्ञांनीही विसाव्या शतकात अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत पाहिली.

बौद्ध विनयपिटकातही या पाण्याची एक कथा आहे. राजा बिंबिसार, म्हणजेच आपला श्रेणिक राजा, तपोदा येथे स्नानासाठी गेला असता भिक्षूंचे स्नान बराच वेळ चालले. राजाला थांबावे लागले, नगरद्वार बंद झाले आणि रात्र त्याला बाहेरच काढावी लागली. त्यानंतर भिक्षूंच्या स्नानावर पंधरा दिवसांचे बंधन आले. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग यानेही दूरदूरचे रोगी येथे स्नानाला येत असल्याचे नोंदवले आहे. पाण्याने रोग बरा होतो ही श्रद्धा किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

पाणी तापते कसे?

राजगृहीच्या डोंगरांत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोलवर मुरते. भूगर्भात प्रत्येक किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते आणि झरा वाहू लागतो. ब्रह्मकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस भरते.

महाराष्ट्रातही असे झरे पुष्कळ आहेत. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे व महाडजवळचे सव, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ व राजवाडी, तर सातपुड्याच्या कुशीत जळगाव जिल्ह्यातील उनपदेव ही त्यांतील परिचित नावे. मात्र सर्व ऊन पाणी एकसारखे नसते. ज्या खडकातून ते येते, त्याचे क्षार ते बरोबर आणते. कोकणातील पाणी खारट असते व काही ठिकाणी त्याला गंधकाचा उग्र वास येतो. राजगृहीचे पाणी त्यामानाने हलके, अल्प क्षारांचे आहे. त्यामुळे एका कुंडाचा गुण दुसऱ्या कुंडाला चिकटवता येत नाही.

त्वचेला काय लाभ होतो?

गंधक त्वचेवरील मृत पापुद्रे सैल करते आणि काही जंतूंना आवर घालते. खरजेवर गंधकाचे मलम पूर्वीपासून वापरात आहे, ते याच कारणाने. इस्राएल व जॉर्डनच्या सीमेवरील मृत समुद्रात सोरायसिसचे रुग्ण काही आठवडे राहतात व अनेकांना आराम पडतो. परंतु तेथे पाण्याच्या क्षारांइतकाच सूर्यप्रकाशाचाही वाटा मोठा असतो. फ्रान्समधील अवेन आणि ला रोश-पोझे या गावांच्या झऱ्यांवर तर त्वचेच्या प्रसाधनांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. दोन्ही गावांत खाजेने त्रस्त घोडा झऱ्यात उतरल्याने बरा झाल्याची आख्यायिका सांगतात. अवेनचे पाणी जेमतेम २६ अंशांचे, म्हणजे कोमट देखील नव्हे. चिडलेल्या त्वचेला अशा सौम्य पाण्याचा शिडकावा थंडावा देतो, एवढे खरे. पण शिडकावा तसाच वाळू दिल्यास त्वचा उलट कोरडी पडते. थोड्या वेळाने ती टिपून वर स्निग्ध लेप लावावा लागतो.

थोडक्यात, खाज शमणे, पापुद्रे निघणे, मनाला व शरीराला विसावा मिळणे हे लाभ संभवतात. दुकानाच्या गादीवर बारा तास बसणाऱ्याला आठ दिवसांची यात्रा, मोकळी हवा आणि निश्चिंत झोप मिळाली, तर त्याची त्वचा सुधारण्यात पाण्याचा भाग किती आणि विश्रांतीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. रोगाच्या मुळाशी पाणी पोहोचते असे मात्र मानता येत नाही.

विलंबाची किंमत

खरा धोका पाण्यात नसून पाण्याच्या भरवशावर थांबण्यात आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठला आणि त्या जागी स्पर्श कळेनासा झाला, तर तो कुष्ठरोग असू शकतो. या रोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय दवाखान्यांत मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत तो पूर्ण बरा होतो. मात्र नसांची एकदा झालेली हानी बहुधा भरून येत नाही. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भीतीने घराण्यात गोष्ट झाकली जाते आणि बाटलीतल्या पाण्यावर मौल्यवान महिने निघून जातात. कोड हा तर संसर्गजन्यही नाही. तोही ऊन पाण्याने जात नाही, पण वैद्यकीय उपचार लवकर केल्यास पुष्कळांना गुण येतो.

नायट्याची गोष्ट आणखी निराळी. तो बुरशीने होतो आणि ओले कपडे, एकच पंचा यांतून घरभर पसरतो. कुंडावरील गर्दीत तो कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव अधिक. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने तो काही दिवस दबतो आणि नंतर अधिक बळावतो. त्याला त्वचारोगतज्ज्ञाचाच सल्ला हवा.

स्नान करताना

कुंडात उतरणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. स्नान दहा-पंधरा मिनिटांहून अधिक नसावे. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असते, म्हणून पाणी किती तापले आहे हे दुसऱ्याने हात घालून पाहावे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी वैद्यांना विचारल्याखेरीज उतरू नये. उघडी जखम किंवा वाहता इसब असल्यास स्नान टाळावे. नाकात पाणी जाऊ देऊ नये, कारण ऊन पाण्यातील एक प्रकारचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हा आजार विरळा, पण प्राणघातक आहे. साचलेल्या कुंडापेक्षा वाहत्या धारेखाली स्नान करणे श्रेयस्कर. स्नानानंतर अंग स्वतःच्या पंच्याने कोरडे करून खोबरेल तेल लावावे.

व्यापाऱ्याची मर्यादा

अशा पाण्याच्या बाटल्या विकण्याचा विचार कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बाटलीत भरताच पाण्याची उष्णता जाते आणि गंधकाचा वायूही उडून जातो. त्यावर 'कोड बरे होते' किंवा 'कुष्ठ जाते' अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अपराध आहे. मार्गानुसारीच्या ३५ गुणांत पहिला गुण न्यायसंपन्न वैभव हा आहे. रोग्याच्या आशेवर मिळवलेला पैसा त्यात बसत नाही.

वैभारगिरीची यात्रा अवश्य करावी, कुंडाच्या पाण्याने शीणही घालवावा. अंगावर चट्टा दिसत असेल, तर यात्रेचे तिकीट काढण्यापूर्वी तो एकदा डॉक्टरांना दाखवावा.