वि. स. पागे यांचा सन्मान राष्ट्राने करावा

शाळेतील शिक्षकाच्या आणि कचेरीतील कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा एक लहानशी कपात असते. तिला व्यवसाय कर म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत ती दोनशे रुपयांची, फेब्रुवारीत तीनशेंची. कुरकुरत का होईना, आपण ती सोसतो; पण ती आली कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याने हाताला काम नसलेल्या शेतमजुराच्या मजुरीचा थोडा भार उचलावा, असा त्यामागील विचार होता. या योजनेचे जनक विठ्ठल सखाराम पागे यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात यावे, अशी मागणी महाराष्ट्राने आता एकमुखाने केली पाहिजे.

पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना तिजोरी. त्याच्यापाशी असते ती केवळ पटवून देण्याची शक्ती. त्या बळावर त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी ही कल्पना उतरविली आणि १९६९ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग झाला. पाठोपाठ १९७२ चा भीषण दुष्काळ आला. भर उन्हात खडी फोडण्यासाठी लाखो स्त्री-पुरुष कामांवर लोटले. गरीब माणूस आळशी असतो, या सुखवस्तू समजाला याहून सणसणीत उत्तर कोणते असू शकेल? १९७७ साली विधिमंडळाने योजनेला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे खरे महत्त्व कामांच्या संख्येत नाही. दुष्काळी कामे इंग्रजांच्या अमदानीतही निघत. पण ती सरकारची मेहेरबानी होती. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे खरा, परंतु ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने मात्र काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला सांगितले, की पंधरा दिवसांत काम मिळेल, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळेल. याचकाचा हक्कदार झाला. हेच तत्त्व देशभर नेणारा कायदा संसदेने केला तो २००५ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर.

आक्षेप अनेक निघतील. हजेरीपटांवर खोटी नावे चढली, मजुरी वेळेवर मिळाली नाही, बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. हे सारे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु हक्क कायद्यात लिहिलेला होता, म्हणूनच मजुरांना मोर्चे काढून तहसीलदाराला जाब विचारता आला. दानातील त्रुटीबद्दल कोणी जाब विचारीत नसतो. श्रेय एकट्या पाग्यांचे नाही, असेही म्हटले जाईल. तेही मान्य. नाईकांनी कल्पना उचलून धरली, सर्व पक्षांच्या आमदारांनी साथ दिली. पण विचार मांडणारा आणि तो मान्य होईपर्यंत चिकाटीने पाठपुरावा करणारा कोणी तरी एक असावा लागतो.

पागे १९९० साली निवर्तले. मरणोत्तर सन्मानाची वाट या पुरस्काराला नवी नाही. १९६६ साली लालबहादूर शास्त्रींना आणि १९९० साली डॉ. आंबेडकरांना तो तसाच दिला गेला. हा सन्मान पंतप्रधानांच्या शिफारशीवरून राष्ट्रपती देतात. तेव्हा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून ही मागणी दिल्लीस धाडावी. ज्या सभागृहाचे कामकाज पाग्यांनी अठरा वर्षे चालविले, त्याने यात पुढाकार घ्यावा, हे उचितच होईल. आणि व्यवसाय कर भरणाऱ्या आपण सर्वांनी या मागणीमागे उभे राहावे. त्या योजनेत आपलाही वाटा आहे.