चित्र बाबासाहेबांचे, मजुरी कुणाची?

जानेवारी संपला की आमच्या वस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणीची पावतीपुस्तके छापायला जातात, मिरवणुकीच्या मार्गावरून दरवर्षीचा वाद दरवर्षीप्रमाणे होतो, आणि मग कुणीतरी विचारतो, "या वर्षी टी-शर्टवर चित्र काय घ्यायचं?" वाचक बंधू-भगिनींनो, या एका प्रश्नाने गेली तीन वर्षे आमची झोप थोडी उडवली आहे. दुसऱ्या कुणाची उणीदुणी काढायला हे लिहीत नाही. चूक आमच्याच मंडळाची होती, आणि आम्ही त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच चाळीतील एका मुलाला आम्ही जयंतीचे चित्र काढायला सांगितले. मुलगा चित्रकलेचे शिक्षण घेत होता. वडील नाहीत. आई एका दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाईचे काम करते. मुलाने मोठ्या हौसेने काम घेतले. बाबासाहेबांचा चष्मा, हातातले पुस्तक आणि मागे उगवत्या सूर्यासारखे अशोकचक्र, असे ते चित्र होते. आधी कागदावर, मग मित्राच्या संगणकावर. आमच्यापैकी एकाने सांगितले, चेहरा जरा गंभीर हवा. दुसऱ्याने सांगितले, जरा हसरा हवा. तिसऱ्याने मंडळाचे नाव मोठे करायला लावले. त्याने सगळे बदलून दिले. आठ रात्री तो त्यावर बसला होता, हे आम्हाला मागाहून कळले.

टी-शर्ट निघाले ३००. कोरा टी-शर्ट १२० रुपयांना, छपाई ३५ रुपये. विकला २२० रुपयांना. म्हणजे जमा झाले ६६,००० रुपये. कापड आणि छपाईचे ४६,५०० गेले, टेम्पो आणि पिशव्यांचे १,५०० गेले, आणि मंडळाकडे १८,००० रुपये उरले. त्यातून भोजनदान झाले, मुलांना वह्या वाटल्या. पैसा कुणाच्या खिशात गेला नाही, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. चित्रकाराचा व्यासपीठावर सत्कार झाला. एक गुलाबाचे फूल आणि एक टी-शर्ट.

दुसऱ्या दिवशी त्याची आई नळावर भेटली. ओरडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, कापडवाल्याला दिले, छापणाऱ्याला दिले, टेम्पोवाल्याला तर चहासकट दिले. माझं पोरगं आठ रात्री जागलं, त्याला एक शर्ट. तो पण मापाचा नव्हता."

आमच्याकडे उत्तर नव्हते. तरी आम्ही एक उत्तर दिलेच, कारण ते आपल्याकडे तयारच असते. "मावशी, बाबासाहेबांचं काम आहे, त्याचे पैसे कसले?" ती माउली गप्प झाली. आता वाटते, ती पटून गप्प झाली नव्हती. बाबासाहेबांचे नाव मध्ये आल्यावर आपल्या बाईमाणसाने पुढे काय बोलावे?

पुढे सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला गेलो. दरवर्षीप्रमाणे शिवाजी पार्कात पुस्तकांचे, फोटोंचे, दिनदर्शिकांचे, बिल्ल्यांचे स्टॉल लागले होते. एका स्टॉलवर आम्हाला तेच चित्र दिसले. कपावर, किल्लीच्या कडीवर, दिनदर्शिकेवर. आमच्या मंडळाचे नाव तेवढे पुसलेले. स्टॉलवाला बिचारा गरीबच होता, त्याने ठोक बाजारातून माल उचलला होता. चित्र बाहेर कसे गेले, याचा अंदाज करायला फार डोके लागत नाही. छपाईसाठी दिलेली मूळ फाइल आम्ही परत मागितली नव्हती, ती कुणाला देऊ नका असे सांगितलेही नव्हते. मुलाला हे सांगायचे धाडस आम्हाला झाले नाही. त्याला ते त्याच्या मित्रांनी फोनवर फोटो पाठवून सांगितले.

आता त्या तयार उत्तराकडे जरा पाहू. बाबासाहेब कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, हे खरे. त्यांचे चित्र घराघरांत जावे, हेही खरे. पण त्या विशिष्ट रेषा कुणाच्या तरी हाताने ओढलेल्या असतात. समाजाचे काम म्हणून सगळ्यांनीच फुकट केले असते, तर आमचे काही म्हणणे नव्हते. कापडवाल्याने फुकट दिले का? छापणाऱ्याने शाईचे पैसे सोडले का? ज्याचा माल डोळ्यांना दिसतो त्याला रोख, आणि ज्याची मेहनत दिसत नाही त्याला टाळ्या, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. गावचे काम आहे, रिवाज आहे, तुझा मान आहे, असे सांगून आपल्या आज्या-पणज्यांकडून रात्रंदिवस राबवून घेतले. मजुरी ठरलेली नव्हती, मिळेल ते बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच जोखडाविरुद्ध. काम ठरलेले असावे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला असावा, हा त्यातला आग्रह होता. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच, असा निकाल दिला. घरी बसून चित्र काढणाऱ्याला किमान वेतनाचा कायदा लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या समाजाने हा इतिहास भोगला, त्याच्या मंडळाने आपल्याच पोराला फुकट राबवावे, याची लाज वाटली पाहिजे. आम्हाला वाटली, जरा उशिरा.

बाहेरच्या देशांतही असे घडते. बुटांवर जी वळणदार बरोबरची खूण असते, ती नायकी कंपनीची खूण १९७१ साली अमेरिकेतील पोर्टलँड शहरात कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली. तिला मिळाले ३५ डॉलर. कंपनी मोठी झाल्यावर १९८३ साली मालकांनी तिला बोलावून अंगठी आणि कंपनीचे काही शेअर दिले. बरे झाले. पण ते मालकाच्या मर्जीने झाले, तिच्या हक्काने नव्हे.

त्याहून आपल्या जवळची गोष्ट क्युबाची. चे गेव्हाराचा टोपी घातलेला तो प्रसिद्ध फोटो अल्बर्टो कोर्डा यांनी १९६० साली हवानात काढला. जगभर त्याची पोस्टर निघाली, टी-शर्ट निघाले, कोर्डांना त्यातून काही मिळाले नाही. त्यांनी कधी तक्रारही केली नाही, कारण चे यांच्या विचाराचा प्रसार होतो आहे असे ते मानत. मात्र एका व्होडकाच्या जाहिरातीत तो फोटो वापरला गेला तेव्हा २००० साली ते इंग्लंडच्या न्यायालयात गेले. तडजोडीत मिळालेली रक्कम त्यांनी क्युबातील आरोग्यसेवेला दिली. आपले काम विचारासाठी फुकट द्यायचे की नाही, हे कोर्डांनी स्वतः ठरवले. आम्ही मात्र त्या मुलाच्या वतीने परस्पर ठरवून टाकले होते.

कायदा काय म्हणतो, ते आम्ही एका ओळखीच्या वकील ताईंकडे बसून समजून घेतले. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र काढले की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. चित्रकाराने स्वतःच्या मनाने काढलेले चित्र त्याचेच. त्याने ते छापायला दिले म्हणजे सगळे हक्क विकले असे होत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

पण याच कायद्याच्या १७ व्या कलमात एक खाच आहे, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक नसते. कुणी मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढवून घेतले, आणि उलट काही ठरलेले नसेल, तर पहिला मालक चित्रकार नव्हे, काढवून घेणारा ठरतो. म्हणजे दोन हजार रुपये हातावर ठेवून कुणी बाबासाहेबांचे चित्र काढवून घेतले आणि कागद केला नाही, तर त्याचे हजारो कप निघाले तरी चित्रकाराला हात चोळत बसावे लागेल. म्हणून पैसे घेण्याआधी कागद. टी-शर्टवरच्या नुसत्या नक्षीला २००० सालचा डिझाईन कायदाही लागू शकतो. अशी नक्षी नोंदवलेली नसेल आणि तिच्या पन्नासहून अधिक वस्तू यंत्रावर निघाल्या, तर कॉपीराइटचे संरक्षण जाऊ शकते. मोठे काम असेल तेव्हा हे वकिलाला विचारूनच करावे. वकिलाला पैसे कुठून आणायचे, असे कुणी म्हणेल. अनुसूचित जातीतील व्यक्तीला, आणि कोणत्याही स्त्रीला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. ही सोय आपले लोक फार कमी वापरतात.

राहिला प्रश्न, किती द्यायचे? बैठकीत सगळे याच ठिकाणी अडतात. "चित्राला भाव कसा लावायचा?" आम्ही वहीवर साधा हिशेब मांडला. आठ रात्री, रोज साधारण साडेतीन तास, म्हणजे २८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेतीन दिवस. आमच्या भागात चांगला रंगारी दिवसाला हजार रुपये हजेरी घेतो. भिंत रंगवणाऱ्याला हजार देतो, तर चेहरा रंगवणाऱ्याला त्याहून कमी का? झाले ३,५००. कागद, रंग, संगणक, वीज यांचे ५००. एकूण ४,०००. तीनशे टी-शर्टांवर वाटले तर एका टी-शर्टामागे साडेतेरा रुपयेसुद्धा होत नाहीत. २२० चा टी-शर्ट २३५ ला दिला असता तर वस्तीत कुणी हूं की चूं केले नसते. आम्हाला गरिबी आड आली नव्हती. आमच्या यादीत तो रकानाच नव्हता.

हा झाला कमीत कमी. माल ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तर पुढच्या प्रत्येक नगामागे चार-पाच रुपये चित्रकाराला मिळावेत. कप, दिनदर्शिका, किल्लीची कडी यांचे वेगळे ठरवावे. दोन वेळा बदल करून देणे रास्त आहे, तिसऱ्यापासून पैसे. (कार्यकारिणीत अकरा माणसे असतात आणि अकराही जणांना चेहऱ्याबद्दल मत असते, म्हणून हे लिहितो.) निम्मे पैसे काम सुरू करताना आणि निम्मे मूळ फाइल हातात देताना. छपाईवाल्याला फाइल देताना लिहून द्यावे, की हे चित्र एवढ्याच नगांसाठी आहे.

चित्र काढणाऱ्या मुला-मुलींनाही एक सांगायचे आहे. पैसे मागायला तुम्ही लाजता. समोर आपल्याच वस्तीतील काका, दादा असतात, जयभीम केला की जीभ अडते. पूर्वी आपल्या वस्तीतील पेंटर दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर रंगवायचे. पुढे फ्लेक्स आले आणि त्यांचे काम गेले. त्यांच्याकडे निदान अक्षरामागे दर असायचा, आणि तो सांगताना ते खाली पाहत नसत. मंडळाला खरोखर फुकट द्यायचे असेल तर खुशाल द्या. पण आधी दर सांगा, कागदावर रक्कम लिहा, आणि खाली लिहा की ही रक्कम मी धम्मदान म्हणून दिली. दान देणाऱ्याचे नाव पावतीवर येते, तसे तुमचेही येऊ द्या.

यंदाच्या जयंतीला आम्ही पुन्हा त्याच मुलाकडे गेलो. तो आता एका छापखान्यात नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी बाहेरची कामे करतो. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, "कागद आणलाय का?" आणला होता. ४,५०० रुपये, निम्मे आगाऊ, ४०० टी-शर्ट, फक्त या वर्षापुरते, बाकी वस्तूंचे हक्क त्याच्याकडे, चित्राखाली बारीक अक्षरांत त्याचे नाव. त्याच्या आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला, मग तो म्हणाला, "आई, दे आता."

तीन वर्षांपूर्वीचे ४,००० मात्र अजून द्यायचे आहेत. खजिनदारांचे म्हणणे, त्या सालचा हिशेब बंद झाला, सर्वसाधारण सभेने मंजूरही केला, आता कुठल्या खात्यातून देणार? आम्ही म्हणालो, कार्यकारिणीतील अकराजणांनी खिशातून काढावेत, प्रत्येकी चारशेच्या आत येतात. सातजणांनी दिले आहेत. उरलेल्या चौघांसाठी विषय येत्या रविवारच्या बैठकीत पुन्हा ठेवला आहे.